फोन आपला, पण दाराची कडी कुणाच्या हातात? अँड्रॉइडची गोष्ट

'लग्नपत्रिका' किंवा 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाइल व्हॉट्सॲपवर आली तर उघडू नका, असा पोलिसांचा इशारा दर महिन्या-दोन महिन्यांनी आपल्या ग्रुपवर फिरतो. इशारा बरोबरच आहे, लोकांचे पैसे गेलेत. पण एपीके म्हणजे नेमकं काय, ती कुणीही पाठवली तरी फोनमध्ये कशी शिरू शकते आणि आयफोनमध्ये का शिरत नाही, हे कुणी सांगत नाही. त्याचं उत्तर अँड्रॉइडच्या इतिहासात आहे. हा इतिहास सध्या एका वळणावर आलाय आणि त्याचा आपल्याशी थेट संबंध आहे. म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ काढून वाचा.

सुरुवात 2003 ची. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोमध्ये अँडी रुबिन, रिच माइनर, निक सीअर्स आणि ख्रिस व्हाइट या चौघांनी 'अँड्रॉइड' नावाची छोटी कंपनी काढली. गंमत म्हणजे त्यांच्या डोक्यात आधी फोन नव्हताच, डिजिटल कॅमेरा होता. कॅमेऱ्याचा धंदा फार वाढणार नाही हे लक्षात आल्यावर ते मोबाइलकडे वळले. 2005 मध्ये गूगलने ही कंपनी विकत घेतली.

तेव्हाचा मोबाइल आठवा. नोकियात सिंबियन, ब्लॅकबेरीचं स्वतःचं वेगळं, काही फोनमध्ये मायक्रोसॉफ्टचं विंडोज मोबाइल. प्रत्येकाचं घर वेगळं आणि दार वेगळं. एखाद्याने फोनसाठी छोटा प्रोग्रॅम लिहिला तरी तो लोकांपर्यंत पोचवायला बऱ्याचदा फोन कंपनी किंवा सिमकार्ड कंपनीच्या दारात उभं राहावं लागायचं.

जानेवारी 2007 मध्ये ॲपलने आयफोन दाखवला. तोवर अँड्रॉइडचा जो नमुना तयार होत होता तो ब्लॅकबेरीसारखा, बटणांच्या कीबोर्डचा होता. तो बाजूला ठेवून गूगलच्या लोकांना टचस्क्रीनचा विचार नव्याने करावा लागला. 5 नोव्हेंबर 2007 ला गूगलने 34 कंपन्यांची आघाडी जाहीर केली. त्यात फोन बनवणारे होते, चिप बनवणारे होते, टेलिकॉमवाले होते. आठवड्याभरात ॲप लिहिण्याचं साहित्य मोफत खुलं केलं आणि चांगली ॲप्स लिहिणाऱ्यांसाठी एक कोटी डॉलरची बक्षिसं लावली. ऑक्टोबर 2008 मध्ये अमेरिकेत पहिला अँड्रॉइड फोन विकायला आला, त्याच सुमारास सगळा सोर्स कोडही खुला झाला. कुणीही घ्या, बदला, आपल्या फोनमध्ये घाला, पैसे नाहीत.

गूगल एवढं उदार का झालं? धर्मादाय म्हणून नाही. गूगलची कमाई सर्चमधून आणि जाहिरातींतून. उद्या सगळं जग मोबाइलवर गेलं आणि मोबाइलचं दार ॲपलच्या किंवा मायक्रोसॉफ्टच्या ताब्यात असलं, तर गूगल उपाशी. म्हणून दारं फुकट वाटली. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता थोडं यंत्राच्या आत बघू. घाबरू नका, सोपं आहे.

अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स आहे, 1991 मध्ये लिनस टोरवाल्ड्सने सुरू केलेलं. लिनक्स मुळात एका कॉम्प्युटरवर अनेक माणसांनी काम करावं म्हणून बांधलेलं, एकाच्या फायली दुसऱ्याला दिसू नयेत अशी त्यात सोय. अँड्रॉइडवाल्यांनी हीच सोय वेगळ्या कामाला लावली. फोन वापरणारा माणूस एकच, पण प्रत्येक ॲपला त्यांनी वेगळा 'माणूस' मानलं. चाळीत जशी प्रत्येक बिऱ्हाडाची खोली वेगळी, तसं. बँकेच्या ॲपच्या खोलीत गेमचं ॲप शिरू शकत नाही. कॅमेरा, एसएमएस, कॉन्टॅक्ट ही सामाईक जागा, तिथे जायचं तर परवानगी मागायची. आधी ॲप टाकतानाच सगळ्या परवानग्या एकगठ्ठा द्याव्या लागायच्या. 2015 च्या अँड्रॉइड 6 पासून ॲप गरज पडेल तेव्हा एकेक परवानगी विचारू लागलं. चोरटी 'लग्नपत्रिका' एसएमएस वाचायची परवानगी मागते ती इथेच. आपण 'अलाऊ' दाबलं की ओटीपी गेला!

एपीके म्हणजे या ॲपचं गाठोडं. त्यात प्रोग्रॅम, चित्रं आणि 'मला काय काय लागेल' याची यादी असते. गाठोड्यावर बनवणाऱ्याची डिजिटल सही लागते, नाहीतर फोन ते घेतच नाही. आणि इथेच अँड्रॉइडचा सगळ्यात मोठा निर्णय दडलाय. ही सही कुणाकडून विकत घ्यायची नाही, मंजूर करून घ्यायची नाही. आपण आपली बनवायची. पुढचं अपडेट त्याच माणसाकडून आलंय का, एवढंच फोन त्या सहीवरून तपासतो. माणूस कोण, हे विचारत नाही.

आयफोनमध्ये ॲपलची मंजुरी असल्याशिवाय सामान्य माणसाच्या फोनवर ॲप जात नाही. अँड्रॉइडमध्ये गूगलचं दुकान आहे, पण दुकानाबाहेरूनही वस्तू घरात आणता येते. फरक एवढाच. पण या एका फरकाने काय काय झालं बघा.

आपल्या मराठीचंच घ्या. भारतात अँड्रॉइड 2009 मध्ये एचटीसी मॅजिकबरोबर आला, तो महाग होता. पुढे मायक्रोमॅक्स, कार्बन वगैरेंनी स्वस्त फोन आणले. त्या सुरुवातीच्या अँड्रॉइडवर मराठी मजकूर उघडला की चौकोन चौकोन दिसायचे. ऑपेरा मिनीच्या ॲड्रेस बारमध्ये 'ऑपेरा:कॉन्फिग' टाइप करून एक सेटिंग बदललं की मराठी पेपर वाचता यायचा. ही युक्ती तेव्हा मित्रामित्रांत फिरायची, कुणाकुणाला आठवत असेल. देवनागरी नीट दिसायला अँड्रॉइड 4 यावं लागलं, 2011 च्या अखेरीस. आणि फोनचा मेन्यू मराठीत मिळाला तो 2014 च्या अँड्रॉइड 5 मध्ये. त्या यादीत मराठीसोबत बंगाली, तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळमही होत्या. म्हणजे कोट्यवधी लोकांच्या भाषांना सहा-सात वर्षं थांबावं लागलं.

पण लोक थांबले नाहीत. 2009 पासूनच अँड्रॉइडमध्ये कीबोर्ड हेसुद्धा एक ॲप म्हणून कुणालाही लिहिता येत होतं. ॲपलने ही मुभा 2014 मध्ये दिली. म्हणून आपल्या भाषांचे कीबोर्ड आधी बाहेरच्यांनी लिहिले. मल्याळमसाठी काम करणाऱ्या स्वयंसेवकांनी 'इंडिक कीबोर्ड' तयार केला, त्यात इतर भारतीय भाषाही होत्या. मुंबईत आयआयटीतून बाहेर पडलेल्या तरुणांनी अँड्रॉइडच्याच खुल्या कोडवर 'इंडस ओएस' उभी केली, भारतीय भाषांसाठी. ती मायक्रोमॅक्सच्या फोनवर आली. पुढे ती कंपनी फोनपेने घेतली आणि 2024 मध्ये 'इंडस ॲपस्टोअर' सुरू झालं. दार बंद असतं तर यातलं काही झालं नसतं, आपण फक्त अर्ज करत बसलो असतो.

ॲप लिहिणंही हळूहळू सोपं होत गेलं. आधी जावा भाषा आणि एक्लिप्स नावाचं अवजार होतं. 2013 मध्ये गूगलने अँड्रॉइड स्टुडिओ जाहीर केलं, फुकट. 2017 मध्ये कोटलिन या भाषेला अधिकृत मान्यता दिली, जावात दहा ओळी लागतात तिथे कोटलिनमध्ये बऱ्याचदा दोन-तीनमध्ये भागतं. शाळकरी मुलांसाठी एमआयटीचं ॲप इन्व्हेंटर आहे, ठोकळे जोडून ॲप बनवायचं. फोनच्या सेटिंगमध्ये 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टॅप करा, डेव्हलपरचा कप्पा उघडतो. साधा लॅपटॉप, एक केबल आणि स्वतःचा फोन. तालुक्याच्या कॉलेजातल्या पोरीला संध्याकाळपर्यंत स्वतःचं पहिलं ॲप स्वतःच्या फोनवर बघता येतं, आणि त्यासाठी कुणाला एक रुपया द्यावा लागत नाही, कुणाला नाव सांगावं लागत नाही.

हा झाला गोष्टीचा गोड भाग. आता दुसरी बाजू.

दार खुलं ठेवलं तरी कडी गूगलने सोडली नव्हती. कोड फुकट, पण प्ले स्टोअर, मॅप, यूट्यूब, जीमेल फुकटच्या कोडमध्ये नाहीत. ते हवेत तर गूगलशी करार करायचा, आणि करार म्हणायचा, घ्यायची तर सगळी ॲप्स घ्या, सर्च आमचं ठेवा, अँड्रॉइडची बदललेली आवृत्ती दुसऱ्या कुठल्या फोनवर विकू नका. 2012 मध्ये एसर कंपनी चीनमध्ये अलीबाबाच्या ओएसचा फोन आणणार होती, गूगलने हरकत घेतली आणि कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला. 2019 मध्ये अमेरिकी सरकारच्या निर्बंधांमुळे हुआवेच्या नव्या फोनमधून गूगलची ॲप्स गेली. अँड्रॉइडचा कोड त्यांच्याकडे होताच, तो कुणी काढून घेऊ शकत नव्हतं. पण चीनबाहेर प्ले स्टोअरशिवाय फोन कोण घेणार? जगाला कळलं की खरी ताकद कोडमध्ये नसून दुकानात आहे.

भारतात शंभरातले नव्वदहून जास्त स्मार्टफोन अँड्रॉइडचे. त्यामुळे इथे प्रकरण स्पर्धा आयोगाकडे गेलं. ऑक्टोबर 2022 मध्ये आयोगाने गूगलला 1,337.76 कोटींचा दंड केला आणि वागणूक सुधारण्यासाठी आदेशांची यादी दिली. त्यातला एक आदेश होता की दुकानाबाहेरून ॲप टाकण्याच्या वाटेत आडकाठी करू नका. गूगल अपिलात गेलं. मार्च 2023 मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण चार आदेश रद्द केले. त्यात नेमका हा आदेश होता! पेपरात दंडाचा आकडा मोठ्या अक्षरांत आला, हे कलम फार थोड्यांनी वाचलं.

दुकान हातात असण्याचा अर्थ मार्च 2024 मध्ये पुन्हा दिसला. फीच्या वादावरून गूगलने नोकरी, शादी, भारतमॅट्रिमनी अशी नावाजलेली भारतीय ॲप्स प्ले स्टोअरवरून काढली. केंद्र सरकार मध्ये पडलं, काही दिवसांत ती परत आली. मोठ्या कंपन्यांसाठी मंत्री बोलले. तालुक्याच्या त्या पोरीचं ॲप काढलं तर कोण बोलणार?

आणि आता ते वळण. ऑगस्ट 2025 मध्ये गूगलने जाहीर केलं की प्रमाणित अँड्रॉइड फोनवर, दुकानाबाहेरूनसुद्धा, फक्त ओळख पटवलेल्या डेव्हलपरचीच ॲप्स चालतील. नाव, पत्ता, फोन, गरज पडल्यास सरकारी ओळखपत्र, हे सगळं गूगलकडे द्यायचं. सुरुवात सप्टेंबर 2026 पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, 2027 पासून जगभर. कारण दिलं फसवणुकीचं. बाहेरून येणाऱ्या ॲप्समध्ये घातक ॲप्सचं प्रमाण प्ले स्टोअरच्या पन्नासपटींहून जास्त आहे, असं गूगल म्हणतं. बराच आरडाओरडा झाल्यावर नोव्हेंबरमध्ये ते थोडं नरमले. विद्यार्थी आणि हौशी लोकांना मर्यादित फोनपुरती सूट, आणि जाणकारांना धोका पत्करून ॲप टाकण्याची एक वाट ठेवू, म्हणाले.

माझं मत सांगतो. फसवणूक खरी आहे. ज्यांच्या वडिलांचं पेन्शन एका एपीकेने गेलं त्यांच्यासमोर 'स्वातंत्र्य, स्वातंत्र्य' करत बसणं बरं नाही. ओळख पटवून घेण्यात तत्त्वतः वाईट काही नाही, आपण दुकान काढलं तर गुमास्ता लायसन्स काढतोच. पण ते लायसन्स पालिका किंवा सरकार देतं, ज्याच्याविरुद्ध कोर्टात जाता येतं, निवडणुकीत जाब विचारता येतो. बाजारातल्या सगळ्यात मोठ्या दुकानदाराने बाकीच्यांना लायसन्स वाटायचं, हा न्याय कुठला? शिवाय एफ-ड्रॉइडसारखं खुल्या ॲप्सचं मोफत भांडार 2010 पासून चालू आहे, त्याच्या चालकांनी सांगितलंय की हा नियम आला तर आमचं काम चालू राहणं कठीण आहे.

म्हणून मागणी साधी आहे. तपासणी हवी तर नियम सरकारने, जाहीर सुनावणी घेऊन करावेत. नाकारलं तर कारण लेखी मिळावं आणि अपील गूगलबाहेर असावं. आणि स्वतःच्या फोनवर स्वतः लिहिलेलं ॲप टाकायला कुणाची परवानगी लागू नये, कायम.

तोवर आपल्या हातातलं एक काम आजच करा. सेटिंगमध्ये 'इन्स्टॉल अननोन ॲप्स' शोधा, तिथे व्हॉट्सॲप आणि ब्राउझरपुढचं बटण बंद आहे ना बघा. आई-वडिलांच्या फोनवरही बघा. अँड्रॉइड 8 पासून ही कडी प्रत्येक ॲपसाठी वेगळी आहे आणि ती आपल्या हातात आहे. ती नीट वापरली तर उद्या 'लोकांना जमत नाही म्हणून आम्ही लावतो' असं म्हणायला कुणाला जागा उरणार नाही.