पोह्यांच्या गिरणीची भातुकली

पेण-रोह्याकडे भाताचे पोहे होतात ते घाईने. भात भिजवायचे, निथळायचे, तापलेल्या वाळूत भाजायचे आणि गरम असतानाच जड चाकाखाली चेपायचे. ओलावा आणि उष्णता यांमुळे मऊ झालेला दाणा चपटा होतो. गार झाला की कडक होतो आणि त्याचा भुगा पडतो. उखळात पोहे कांडणाऱ्या बायकांनाही हीच घाई असे. भिजलेले भात काही वेळ थांबते, चाळलेले पोहे पोत्यात कितीतरी दिवस थांबतात. भाजलेले भात मात्र थांबत नाही.

अशी गिरणी दिवसाला किती पोहे देईल? भट्टीची सरासरी आणि यंत्राची सरासरी सारखी असेल, तर तेवढेच पोहे मिळतील असे वाटते. पण जाळ कमीजास्त होतो, दाण्यातला ओलावा बदलतो, वीज दगा देते.

अशा अनियमित कामाचे गणित प्रथम नीट मांडले ते टेलिफोनसाठी. डेन्मार्कचे आग्नर एरलांग कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होते. कॉल कसेही, केव्हाही आले तरी त्यांच्या संख्येत नियम सापडतो, हे त्यांनी १९०९ मध्ये दाखवले. परंतु एकापुढे एक अशी अनेक कामे जोडली की सूत्रे फार लवकर अवघड होतात.

मार्ग सापडला तो पत्त्यांतून. १९४६ मध्ये आजारातून उठत असलेले गणिती स्टानिस्लाव उलाम एकट्याने खेळायचे पत्ते मांडत बसले होते. डाव सुटण्याची शक्यता किती, हे हिशेबाने काढता येईना. तेव्हा त्यांच्या मनात आले, की शंभर डाव खेळून सुटलेले मोजले तर? पुढे जॉन फॉन नॉयमान यांच्या साहाय्याने ही कल्पना संगणकावर गेली आणि जुगाराच्या गावावरून तिला ‘मॉन्टे कार्लो’ हे नाव पडले. कारखान्यांपर्यंत ती पोचवली ब्रिटनच्या युनायटेड स्टीलमधील के. डी. टोचर यांनी, आणि १९६१ मध्ये आयबीएमच्या जेफ्री गॉर्डन यांनी अशा कामासाठी खास संगणकभाषा तयार केली. याला म्हणतात सिम्युलेशन. मी त्याला भातुकली म्हणतो.

ती वर्गात मांडता येते. दोन विद्यार्थी, दोन फासे, वाटीभर चिंचोके. पहिल्याचा फासा म्हणजे त्या खेपेला भाजलेल्या पाट्या, दुसऱ्याचा म्हणजे चेपता येतील तेवढ्या पाट्या. भाजलेले थांबत नाही, म्हणून लहान आकडा तेवढेच पोहे. दोघांचीही सरासरी साडेतीन. पण दोन फाशांच्या सगळ्या ३६ जोड्या लिहून पाहा. भाजल्या जातात १२६ पाट्या, पोहे होतात ९१ पाट्यांचे, ३५ पाट्या वाया! शिवाय मोठ्या आकड्याची वाट पाहत यंत्र जितके रिकामे फिरले, तेही ३५ पाट्यांइतकेच. (सरासरीला आपण शाळेत जरा जास्तच मान देतो.)

आता पाकिटे भरणारा तिसरा विद्यार्थी घ्या. इथे पोहे थांबू शकतात, म्हणून उरलेले पोत्यात. तरी खेपेला सरासरी अडीच पाट्यांच्या आसपासच माल येतो, त्यामुळे त्याला अनेकदा हात बांधून बसावे लागते. गिरणीवाल्याने कर्ज काढून पाकिटे भरण्याचे वेगवान यंत्र आणले, तरी पोहे वाढणार नाहीत.

मग मुलांना नियम बदलू द्या. यंत्राचा फासा आधी पाहून भट्टीवाल्याने तेवढेच भाजले तर? वाया काहीच जात नाही, सरपण वाचते. पण ३६ खेपांत पोहे ९१ पाट्यांचेच. शेवटी दोन्ही फाशांच्या तीन बाजूंवर ३ आणि तीन बाजूंवर ४ लिहा. सरासरी साडेतीनच राहते, जाळ आणि यंत्र मात्र एका लयीत चालतात. पुन्हा ३६ जोड्या मोजा. भाजलेल्या पाट्या त्याच १२६, आणि पोहे ११७ पाट्यांचे.