गजाननबुवा जोशी : तीन घराण्यांचे विद्यार्थी, एका पिढीचे गुरू

ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तीन घराण्यांची गायकी आत्मसात करणारे गायक व व्हायोलिनवादक पं. गजानन अनंत जोशी ऊर्फ गजाननबुवा (१९११-१९८७) यांचे उत्तरायुष्य डोंबिवलीत गेले. जाणकारांमध्ये त्यांच्या नावाला मोठा मान होता. परंतु सर्वसामान्य रसिकांपर्यंत हे नाव पोहोचले ते बव्हंशी त्यांच्या शिष्यांमुळेच.

बुवांच्या घरात गाणे पिढीजात होते. वडील अनंत मनोहर ऊर्फ अंतूबुवा जोशी (१८८१-१९६७) हे पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजविणाऱ्या बाळकृष्णबुवांची विद्या अशा रीतीने जोशी घराण्यात आली. अंतूबुवा औंध संस्थानच्या आश्रयाला होते आणि १९५५ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढे १९७२ साली हाच सन्मान गजाननबुवांना लाभला. पिता-पुत्र दोघांनाही हा पुरस्कार मिळाल्याची उदाहरणे थोडीच आहेत.

वडिलांची तालीम एखाद्याला आयुष्यभर पुरली असती. गजाननबुवा मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. पं. रामकृष्णबुवा वझे यांच्याकडून त्यांनी विद्या घेतली. जयपूर घराण्यासाठी ते अल्लादियाखाँसाहेबांचे पुत्र भूर्जीखाँ यांच्याकडे गेले, तर आग्रा घराण्यासाठी विलायत हुसेनखाँ यांच्याकडे. तबल्याचे शिक्षणही त्यांनी घेतले. ज्या काळात एका घराण्याचा गंडा बांधलेल्या गायकाने दुसऱ्या दारी जाणे निष्ठाभंग मानले जाई, त्या काळातील ही गोष्ट आहे. गायक म्हणून नाव झाल्यावर पुन्हा शिष्य होऊन बसण्यासाठी विद्येची ओढ मानापमानाहून मोठी असावी लागते.

ही तीन घराणी एका गळ्यात नांदविणे सोपे नाही. ग्वाल्हेरमध्ये बंदिशीचा स्वच्छ, सरळ विस्तार आणि आलापापासून तानेपर्यंतच्या सर्व अंगांचा समतोल असतो. आग्र्याचे बळ नोमतोम, बोलबांट आणि लयकारी यांत आहे. जयपूरमध्ये आकारयुक्त, अखंड स्वरमालिका लयीत गुंफली जाते. अनवट आणि जोडरागांचे त्या घराण्याला विशेष वेड. यांची सरमिसळ झाली तर तिन्हींचे सत्त्व हरपण्याचा धोका असतो. बुवांचे वैशिष्ट्य असे, की प्रत्येक घराण्याची शिस्त त्यांनी वेगळी सांभाळली आणि शिष्यांनाही तशीच वेगळी दिली.

व्हायोलिन हे मूळचे पाश्चात्त्य वाद्य. हिंदुस्थानी संगीतात त्याला एकलवादनाची प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या पहिल्या पिढीतील वादकांमध्ये गजाननबुवांची गणना होते. ख्यालगायकीची अंगे त्यांनी गजावर उतरविली. श्रीधर पार्सेकरांसारखे नामवंत वादक त्यांच्याच तालमीत घडले. बुवांनी आकाशवाणीतही सेवा केली. सातारा जिल्ह्यातील औंधशी असलेले नाते मात्र तुटले नाही. अंतूबुवांनी गुरू शिवानंदस्वामींच्या स्मरणार्थ १९४० मध्ये तेथे सुरू केलेला संगीतोत्सव संस्थान विलीन झाल्यानंतरही बुवांनी चालू ठेवला.

पं. उल्हास कशाळकर, पं. अरुण कशाळकर, पद्मा तळवलकर, वीणा सहस्रबुद्धे, कौसल्या मंजेश्वर, जयश्री पाटणेकर, शुभदा पराडकर ही बुवांकडे शिकलेल्यांची काही नावे. यांपैकी उल्हास कशाळकरांना ठाण्याचे पं. राम मराठे यांचीही तालीम लाभली. ठाणे आणि डोंबिवली ही मध्य रेल्वेवरील दोन गावे एका गायकाच्या घडणीत अशी एकत्र आली. तिन्ही घराण्यांच्या बंदिशी त्या-त्या घराण्याच्या ढंगात मांडणारे गायक म्हणून कशाळकर देशभर ओळखले जातात. त्या ओळखीमागे गजाननबुवांची शिकवण उभी आहे.

घरातही परंपरा खंडित झाली नाही. पुत्र मधुकर जोशी यांनी व्हायोलिन आणि गायन पुढे नेले, तर मनोहर जोशी यांनी गायन. मनोहर जोशी यांच्या कन्या अपूर्वा गोखले आणि पल्लवी जोशी या आजच्या पिढीतील गायिका आहेत.

१९८७ साली गजाननबुवांचे निधन झाले. मैफलींचा झगमगाट त्यांच्या वाट्याला त्यांच्या योग्यतेच्या मानाने कमीच आला. तीन घराण्यांची विद्या शुद्ध स्वरूपात पुढच्या पिढीच्या हाती मात्र पोहोचली आणि बुवांच्या कार्याचे मोजमाप त्यावरूनच करावे लागते.