हवामानशिक्षणाची ऑनलाइन साधने (शालेय)

शाळकरी मुलांना वातावरणातील घडामोडी समजाव्यात यासाठी महाजालावर उपलब्ध असलेली संकेतस्थळे, मोबाइल अ‍ॅप, उपग्रहचित्रे, नकाशे आणि निरीक्षणे नोंदवण्याची सामायिक दालने यांना मिळून हे नाव देता येते. त्यांचे दोन प्रकार पडतात. काही साधने तयार माहिती दाखवतात, तर काही साधने मुलांकडून निरीक्षणाची नोंद मागतात. शिक्षणाच्या दृष्टीने दुसरा प्रकार निःसंशय अधिक मोलाचा आहे, कारण पडद्यावरचा नकाशा कितीही आकर्षक असला तरी आपल्या डोक्यावरच्या आकाशाशी तो ताडून पाहिल्याशिवाय त्यातील रंगांचा अर्थ मुलाला उमगत नाही.

नोंद मागणाऱ्या साधनांमध्ये ‘ग्लोब’ हा कार्यक्रम सर्वांत जुना आणि व्यापक म्हणावा लागेल. अमेरिकेत २२ एप्रिल १९९४ रोजी, म्हणजे वसुंधरा दिनी, त्याची घोषणा झाली, वर्षभराने प्रत्यक्ष काम सुरू झाले आणि आज शंभराहून अधिक देशांतील शाळा त्यात भाग घेतात. भारत २००० सालापासून त्यात आहे. नासा ही अमेरिकी अवकाशसंस्था त्याची मुख्य आधारसंस्था होय. या कार्यक्रमात तापमानाची रोजची नोंद स्थानिक मध्यान्हाच्या आगेमागे एका तासात घ्यायची असते. स्थानिक मध्यान्ह म्हणजे सूर्य त्या गावाच्या आकाशात सर्वांत उंच असण्याचा क्षण; भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर बेतलेली असल्यामुळे मुंबईत तो घड्याळातल्या साडेबारा-पाऊणच्या सुमारास येतो, ही गोष्ट मुलांना या नोंदीच्या निमित्ताने आपोआप कळते.

ढगांच्या नोंदीत मुलांनी ढगांचा प्रकार आणि आकाशाचा किती भाग ढगांनी व्यापला आहे, हे सांगायचे असते. व्याप्तीच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत : ढग नाहीत, १० टक्क्यांहून कमी, १० ते २५, २५ ते ५०, ५० ते ९० आणि त्याहून अधिक. हा अंदाज वाटतो तितका सोपा नसतो. म्हणून ग्लोबच्या अभ्याससाहित्यात त्याचा सराव दिलेला आहे : पांढऱ्या कागदाचे दहा सारखे भाग करायचे, त्यांपैकी ठरावीक भाग, समजा तीन, फाडून त्यांचे वेडेवाकडे तुकडे निळ्या कागदावर एकमेकांवर न चढवता चिकटवायचे आणि वर्गातील इतरांना टक्केवारी ओळखायला सांगायची. सांगितलेला आकडा बहुधा खऱ्यापेक्षा जास्त निघतो आणि विखुरलेले तुकडे डोळ्याला कसे फसवतात, हे मुलांच्या ध्यानात येते. या सरावानंतर मैदानावर घेतलेल्या नोंदीची विश्वासार्हता स्पष्टपणे वाढते. सूर्याकडे थेट पाहायचे नाही, एवढी ताकीद तेवढी आधी द्यावी लागते.

या नोंदींचा उपयोग केवळ वर्गापुरता राहत नाही. नासाच्या लँगली संशोधन केंद्राने १९९७ मध्ये शाळांकडून ढगांची निरीक्षणे मागवण्यास प्रारंभ केला, तो उपग्रहावरील उपकरणांची मोजमापे पडताळण्यासाठी. पुढे २०१७ मध्ये तो उपक्रम ग्लोबमध्ये विलीन झाला. उपग्रह वरून पाहतो, त्यामुळे उंचावरच्या ढगांखाली दडलेले ढग त्याला अनेकदा दिसत नाहीत, तर जमिनीवरच्या मुलाला खालचा थर दिसतो आणि वरचा झाकला जातो. शाळेची नोंद उपग्रहाच्या पाहणीपासून १५ मिनिटांच्या आत असेल तर दोन्हींची तुलना शाळेकडे पाठवली जाते. दोन्ही नोंदी जुळल्या नाहीत तरी कोणीतरी चुकले असे ठरत नाही, आणि हा धडा पाठ्यपुस्तकातून देणे कठीण आहे.

भारतीय शाळांना हाताशी असलेले मुख्य साधन म्हणजे १८७५ मध्ये स्थापन झालेल्या भारत हवामानशास्त्र विभागाचे संकेतस्थळ. तेथे इन्सॅट मालिकेतील उपग्रहांची चित्रे दर अर्ध्या तासाने येतात. हे उपग्रह भूस्थिर, म्हणजे विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किमी. उंचीवरून पृथ्वीबरोबर फिरत सतत त्याच भागाकडे पाहणारे असतात. अवरक्त चित्रात, म्हणजे उष्णतेच्या प्रारणावरून घेतलेल्या चित्रात, जो पृष्ठभाग अधिक थंड तो अधिक पांढरा दिसतो. त्यामुळे पाऊस न देणारे उंच, विरळ तंतुमेघही पांढरे दिसू शकतात आणि ‘पांढरे तेथे पाऊस’ असा मुलांचा समज होतो. त्याच वेळचे दृश्य प्रकाशातील चित्र शेजारी ठेवले की हा गैरसमज दूर होतो, मात्र ते चित्र दिवसाच मिळते. वीज पडण्याची पूर्वसूचना देणारे ‘दामिनी’ हे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे अ‍ॅप शिकवण्याइतकेच मुलांच्या सुरक्षिततेसाठीही उपयोगी आहे.

‘विंडी’ किंवा ‘अर्थ नलस्कूल’ यांसारखी संकेतस्थळे वाहते वारे रेषांनी दाखवतात आणि जूनमध्ये अरबी समुद्रावरून येणारा नैर्ऋत्य प्रवाह मुलांना त्यांच्याइतका स्पष्ट दुसरे काही दाखवत नाही. मात्र हे आकडे मोजलेले नसून प्रतिमानातून, म्हणजे वातावरणाची समीकरणे संगणकावर सोडवून, काढलेले असतात, हे शिक्षकाने सांगणे अत्यावश्यक आहे. अशा जागतिक प्रतिमानातील एक चौकोन साधारण २५ ते ३० किमी. रुंद असू शकतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी सुमारे साडेपाच हजार मिमी. पाऊस पडतो, तर त्याच्या पूर्वेला तेवढ्याच अंतराच्या आत असलेल्या वाईला हजार मिमी.ही पडत नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा फरक एका चौकोनात पुसला जातो. वाईच्या शाळेतील पर्जन्यमापक तो दाखवू शकतो.

हा पर्जन्यमापक सरळ कडांच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचाही चालतो : वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवायचा, तळाचा वाकडा भाग खडे व पाणी घालून सपाट करायचा आणि त्या पाण्याच्या पातळीपासून मोजपट्टीचे शून्य धरायचे. हवामानशास्त्र विभागाची प्रमाणित नोंद सकाळी साडेआठला, मागील २४ तासांच्या पावसाची असते. शाळेनेही तीच वेळ पाळली तरच तुलना करता येते. २.५ मिमी. किंवा अधिक पाऊस झाला तर तो पर्जन्यदिन आणि ६४.५ मिमी.पासून पुढे मुसळधार, ही विभागाची मोजपट्टी वर्गातील तक्त्यावर लावता येते.

परदेशी साहित्यात अमेरिकी राष्ट्रीय हवामान सेवेचे ‘जेटस्ट्रीम’ शिक्षकांसाठी आणि नोआ (अमेरिकेची समुद्र व वातावरणविषयक संस्था) व नासा यांचे ‘सायजिंक्स’ मुलांसाठी लिहिलेले आहे, तर ब्रिटनच्या रॉयल मीटिऑरॉलॉजिकल सोसायटीचे ‘मेटलिंक’ पाठांच्या आखणीसाठी चांगले आहे. तथापि हे साहित्य समशीतोष्ण कटिबंधातील असल्यामुळे त्यात हिमवर्षाव आणि उष्ण-शीत हवेच्या सीमा यांवर भर असतो. मोसमी वारे एखाद्या परिच्छेदात उरकले जातात. मराठीत मराठी विश्वकोशातील नोंदी महाजालावर विनामूल्य वाचता येतात आणि बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोडवरून ‘दीक्षा’ या सरकारी शिक्षण-दालनावरचे पाठ उघडतात, परंतु मुलांची निरीक्षणे मराठीतून गोळा करणारे दालन ही मोठी निकड आहे.

अशा दालनाने अमेरिकेतील ‘कोकोराझ’ या नागरिकांच्या पर्जन्यनोंदणी जाळ्याकडून एक शिस्त घ्यावी. कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्स येथे जुलै १९९७ मध्ये आलेल्या पुरानंतर १९९८ मध्ये सुरू झालेल्या या जाळ्यात पाऊस न पडलेल्या दिवशीही शून्य नोंदवण्याचा आग्रह धरला जातो, कारण रिकाम्या रकान्यावरून पाऊस पडला नाही की मोजलाच नाही हे कळत नाही. जुलै-ऑगस्टात पावसाचा खंड पडून पिके माना टाकतात, त्या मराठवाड्यातील शाळेच्या वहीत हे शून्यच सर्वांत महत्त्वाचे असते. सलग किती दिवस खंड होता, हे त्यावरूनच मोजता येते.