आधीं माल, मागून यादी

वखारींत गिऱ्हाईक येईल त्या प्रत्येक वेळीं कारकुनानें सर्व मालाची नव्यानें मोजदाद करावी, तसा प्रकार संगणकांच्या जगांत पुष्कळ ठिकाणीं घडत असे.

अलाहाबादेस जन्मलेले व कानपूरच्या आय्. आय्. टी.चे पदवीधर अभय भूषण यांनीं, अमेरिकेंतील एम्. आय्. टी. या संस्थेंत असतांना, १६ एप्रिल १९७१ रोजीं एका संगणकावरील फाइल दुसऱ्या संगणकावर नेण्याच्या नियमांचा पहिला मसुदा प्रसिद्ध केला. त्यांतूनच एफ्. टी. पी. ही पद्धति रूढ झाली व फायलींचीं सार्वजनिक भांडारें उभीं राहिलीं. गर्दी विभागली जावी म्हणून या भांडारांच्या हुबेहूब प्रती दूरदूरच्या विद्यापीठांत ठेवूं लागले. त्यांना 'मिरर', म्हणजे आरसे, हें नांव पडलें.

आरशांत काय काय आहे हें कळण्यास यादी हवी. यादीसाठीं संगणकास प्रत्येक डिरेक्टरी उघडून प्रत्येक फाइलीचा आकार व तारीख तबकडीवर शोधावी लागते. फायली लाखभर आणि विचारणारे शेंकडों असले, म्हणजे माल देण्यापूर्वींच यंत्र थकून जावयाचें.

यावरचा तोडगा अगदीं साधा होता. यूनिक्सची 'एलएस' ही आज्ञा मूळ भांडारावर एकदांच चालवून सर्व डिरेक्टऱ्यांची यादी 'एलएस-एलआर' या नांवाच्या एका फाइलींत ठेवावयाची. ती फाइल मालाबरोबरच प्रत्येक आरशाकडे जाई. मोजदाद एकाची, उपयोग सर्वांस. १९९० सालीं मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठांत बार्बाडोसचे ॲलन एमटेज, बिल हीलन व पीटर डॉइच यांनीं अनेक भांडारांच्या याद्या एकत्र करून 'आर्ची' हा शोधक तयार केला. 'आर्काइव्ह' शब्दांतील 'व्ह' गाळून हें नांव झालें.

एफ्. टी. पी.च्या १९८५ सालच्या नियमांत 'लिस्ट' ही आज्ञा आहे. पण तिचें उत्तर माणसास उपयोगी, यंत्रास मात्र अवघड, असें तेथेंच प्रांजळपणें नमूद केलें आहे. यंत्रास नीट वाचतां येईल असा सांचा नियमांत यावयास २००७ साल उजाडावें लागलें. हा विलंब क्षम्य म्हणवत नाहीं.

१९९६ सालीं ऑस्ट्रेलियांतील अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांनीं 'आरसिंक' आणलें. त्यानें बदललेला तेवढाच भाग पाठवतां येऊं लागला. परंतु यादीचें ओझें उतरलें नाहीं. २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत सगळी यादी आधीं स्मृतींत भरावी लागे. दर फाइलीस सुमारें १०० बाइट धरले, तर दहा लाख फायलींस दहा कोटी बाइट झाले! फेडोराच्या भांडारांत म्हणूनच तयार यादी ठेवलेली असते; जुन्या यादीशीं ती ताडून आरशानें बदललेल्याच फायली मागाव्या.

डेबियनच्या आरशांना घालून दिलेला क्रम याहूनहि मार्मिक आहे. पहिल्या फेरींत नवा माल आणावयाचा, याद्यांस हात लावावयाचा नाहीं. दुसऱ्या फेरींत याद्या आणावयाच्या, आणि जुना माल सर्वांत शेवटीं काढावयाचा. क्रम उलटला, कीं यादींत नांव सांपडतें आणि फळीवर फाइल नसते.