क्रोशाची सुई आणि कारखान्यांचा इतिहास

पिंपरीचा औद्योगिक इतिहास १९५४ च्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून सांगतात. मग १९६२ ची एमआयडीसी, १९७० ची नगरपालिका, पुढे चाकण. त्यात शिफ्टला जाणारा पुरुष दिसतो. घरात क्रोशाची सुई चालवणारी बाई दिसत नाही. मला तिच्याबद्दल लिहायचं आहे.

क्रोशा हा शब्द मूळचा फ्रेंच, अर्थ छोटा आकडा. आयर्लंडमध्ये १८४५ नंतरच्या दुष्काळात या आकड्याच्या लेसवर कित्येक घरं तगली. भारतात हे काम पसरवण्यात मिशनरी बायकांचा मोठा हात होता. आपल्याकडे त्याची नमाजाची जाळीची टोपी झाली, शेजारच्या दारावरचं तोरणही झालं.

रमजानमध्ये घरकाम उरकून, रोजा सांभाळून विणलेली टोपी ईदला मुलाच्या डोक्यावर चढते. शीरखुर्म्याचं ताट शेजारी जातं तेव्हा त्यावर क्रोशाचा रुमाल असतो. दिवाळीत शेजारचं ताट फराळ घेऊन येतं. आलेलं ताट रिकामं परत करायचं नाही, हा रिवाज दोन्ही घरांत सारखाच.

यंत्रावरची टोपी आज स्वस्तात मिळते. पण हातच्या कामाला कधी पगार नव्हता, म्हणून त्याची नोंदही झाली नाही. आपल्या घरातले रुमाल, टोप्या कुणी विणल्या, ती नावं आपणच लिहून ठेवायला हवीत.