वनस्पती जीनोम संशोधन कार्यक्रम

वनस्पती जीनोम संशोधन कार्यक्रम हा अमेरिकेतील नॅशनल सायन्स फाउंडेशन या शासकीय संस्थेचा अनुदान कार्यक्रम आहे. तो १९९८ साली सुरू झाला. आर्थिकदृष्ट्या महत्त्वाच्या वनस्पतींच्या जीनोमची, म्हणजे पेशीतील संपूर्ण जनुकीय संचाची, रचना आणि कार्य समजून घेणाऱ्या मूलभूत संशोधनाला या कार्यक्रमातून साहाय्य दिले जाते.

पार्श्वभूमी

१९९० च्या दशकात मानवी जीनोम प्रकल्पाला मोठा शासकीय निधी मिळत होता. वनस्पतींपैकी मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपट्याच्या जीनोमवर आंतरराष्ट्रीय पातळीवर काम चालू होते. पिकांचे जीनोम मात्र मोठे व गुंतागुंतीचे असल्याने मागे पडले होते. मका उत्पादक शेतकऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने या प्रश्नाचा पाठपुरावा केला आणि मिसूरी राज्याचे सिनेटर क्रिस्टोफर बाँड यांनी तो लावून धरला. परिणामी अमेरिकी काँग्रेसने १९९८ च्या आर्थिक वर्षासाठी ४ कोटी डॉलर मंजूर केले. कृषी व ऊर्जा खात्यांसह विविध शासकीय संस्थांच्या प्रयत्नांत मेळ राहावा, म्हणून राष्ट्रीय वनस्पती जीनोम उपक्रमही आखण्यात आला.

अनुदानाची पद्धत

संशोधक आपल्या विद्यापीठामार्फत किंवा संस्थेमार्फत प्रस्ताव सादर करतात. त्या विषयातील अन्य तज्ज्ञ प्रस्तावाचे परीक्षण करतात. परीक्षणाचे मुख्य निकष दोन आहेत : संशोधनाची वैज्ञानिक गुणवत्ता आणि समाजाला होणारा व्यापक लाभ. विद्यार्थ्यांचे प्रशिक्षण दुसऱ्या निकषात मोडते. मंजूर रक्कम संशोधकाला व्यक्तिशः न मिळता त्याच्या संस्थेला मिळते आणि ती ठरावीक वर्षांपुरतीच असते.

मक्याचा जीनोम

२००५ साली नॅशनल सायन्स फाउंडेशन, कृषी खाते व ऊर्जा खाते यांनी मक्याच्या जीनोमच्या क्रमनिर्धारणासाठी एकूण ३.२ कोटी डॉलरचे अनुदान जाहीर केले. त्यासाठी आयोवा राज्य विद्यापीठात विकसित झालेला ‘बी ७३’ हा वाण निवडण्यात आला. निष्कर्ष नोव्हेंबर २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सुमारे २.३ अब्ज अक्षरांच्या या जीनोममध्ये ३२,००० हून अधिक जनुके आढळली. जीनोमचा सुमारे ८५ टक्के भाग स्थान बदलू शकणाऱ्या जनुकीय घटकांनी व्यापलेला होता. असे घटक असतात, हे बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यावरील प्रयोगांतूनच दाखवून दिले होते. त्याबद्दल त्यांना १९८३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

माहितीची मुक्त उपलब्धता

शासकीय अनुदानातून मिळालेली माहिती सर्वांना खुली असावी, हे या कार्यक्रमाचे महत्त्वाचे तत्त्व आहे. या तत्त्वाचे मोल भाताच्या उदाहरणातून स्पष्ट होते. एप्रिल २००२ मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकात भाताच्या जीनोमचे दोन मसुदे प्रसिद्ध झाले. चिनी संशोधकांचा मसुदा सर्वांसाठी खुला होता, तर सिंजेंटा कंपनीच्या मसुद्यातील माहिती मिळवण्यासाठी कंपनीच्या अटी मान्य कराव्या लागत. जपानच्या पुढाकाराने चाललेल्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने अधिक अचूक क्रम २००५ साली खुलेपणाने प्रसिद्ध केला. या प्रकल्पात अमेरिकेप्रमाणे भारतही सहभागी होता. नवी दिल्लीतील भारतीय कृषी संशोधन संस्थेचा परिसर आणि दिल्ली विद्यापीठ येथील गटांनी केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या अनुदानावर अकराव्या गुणसूत्राच्या काही भागाचे काम केले.

मर्यादा

अनुदान मुदतीचे असते. माहितीची जपणूक मात्र अखंड करावी लागते. नव्या संशोधनानुसार नोंदी तपासणे व दुरुस्त करणे यासाठी कायमस्वरूपी मनुष्यबळ लागते. अरॅबिडॉप्सिसच्या माहितीचा ‘टेअर’ हा संग्रह १९९९ पासून नॅशनल सायन्स फाउंडेशनच्याच अनुदानावर चालत होता. हे अनुदान थांबल्यावर तो ना-नफा तत्त्वावरील एका संस्थेकडे गेला आणि त्याच्या नियमित वापरासाठी वर्गणी आकारली जाऊ लागली. त्यामुळे लोकांच्या पैशातून निर्माण झालेले ज्ञान खुले ठेवायचे, तर त्याच्या निर्मितीइतकीच त्याच्या देखभालीचीही आर्थिक तरतूद आवश्यक ठरते.