घोडी, दांडी आणि सागवानी ठोकळा

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा बँकेतल्या आठवणी लिहाव्यात असंच मनात होतं. पण मागच्या गणपतीत आपल्या ओपन स्पेसवर दोन कॉलेजकुमारांची जुंपलेली ऐकली आणि विषय बदलला. नवी इलेक्ट्रिक गिटार घ्यायची तर कोणती, हा वाद. एक म्हणे पक्क्या ब्रिजची घ्यावी, दुसरा म्हणे दांडी नसेल तर गिटार कशाला, बेंजोच घे! मी शेजारी खुर्ची टाकून बसलो होतो. हाच वाद मी १९८० साली याच बीड जिल्ह्यात, एका टेम्पोच्या मागच्या भागात, ढोलांच्या खोक्यावर बसून ऐकला होता. फरक एवढाच की तेव्हा त्या वादात माझेही पैसे अडकलेले होते.

ज्यांना गिटारची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गिटारच्या तारा पोटावर जिथे टेकतात त्या पट्टीला ब्रिज म्हणतात. सतारीला जी घोडी, तीच ही. एका प्रकारात ही घोडी लाकडात स्क्रूने पक्की बसवलेली असते, हलत नाही. दुसऱ्या प्रकारात ती डुलते, आणि तिला एक वाकडी दांडी लावलेली असते. दांडी दाबली की सहाही तारा सैल पडून स्वर खाली घसरतो, सोडली की पुन्हा जागेवर येतो. निदान यावा, अशी अपेक्षा असते.

आता गंमत अशी की, बाजारात आलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार या दोन्हींपैकी नव्हतीच. १९३२ साली अमेरिकेत विकायला आलेली रिकनबॅकरची ‘फ्राइंग पॅन’ ही हवाईयन गिटार होती. आकार खरोखरच लांब दांड्याच्या तव्यासारखा. ती मांडीवर आडवी ठेवायची आणि बोटांनी तार दाबण्याऐवजी स्टीलची कांडी तारांवरून सरकवायची. हे तंत्र हवाई बेटांवरच्या जोसेफ केकुकूच्या नावावर आहे. पण त्याच्याही आधी गेब्रियल डेव्हियन नावाचा, भारतात जन्मलेला एक तरुण तिथे तारेवर कांडी फिरवून गिटार वाजवत असे, असंही सांगितलं जातं.

ही गिटार आपल्याकडे लवकर आली आणि टिकली. १९४० च्या दशकात टाऊ मो आणि त्यांचं कुटुंब कलकत्त्यात राहून हवाईयन संगीत वाजवत असे. पुढे लखनौच्या व्हॅन शिपले यांनी इलेक्ट्रिक गिटारवर सिनेगीतं वाजवली, त्यांच्या तबकड्या निघाल्या. हजारा सिंग आणि सुनील गांगुली हीसुद्धा त्याच वाटेवरची नावं. माझ्या पिढीने ‘गिटार’ हा शब्द ऐकला तो रेडिओवर अशा वादनातूनच. वादक दिसत नसे, पण ते गाणं कोणीतरी शब्दांविना गातंय असं वाटे. कारण उघड आहे. आपल्या कानाला मींड लागते. एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी मारलेली चालत नाही, घसरत जावं लागतं. कांडीने ते होतं, पडद्यांच्या गिटारवर सहज होत नाही. ब्रिजभूषण काब्रा यांनी तर त्यावर राग वाजवले. १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांमुळे सर्वांना ठाऊक आहे, पण तिसरे वादक काब्रा, हे पुष्कळांना आठवत नाही.

दांडीच्या गिटारचा जनक लिओ फेंडर. या माणसाबद्दल मला विशेष जिव्हाळा आहे, कारण तो आमच्या जातकुळीतला, म्हणजे हिशेबनीस! कॉलेजात अकाउंटिंग शिकला, वह्या लिहिण्याच्या नोकऱ्या केल्या, मग १९३८ साली रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, शेवटपर्यंत आली नाही. त्यानेही सुरुवात हवाईयन पद्धतीच्या गिटारांपासूनच केली, डॉक कॉफमन या मित्राबरोबर. या कॉफमनने तर त्याआधीच दांडीची एक युक्ती काढून पेटंट घेतलं होतं. १९५० मध्ये फेंडरने पक्क्या घोडीची गिटार बाजारात आणली, तीच पुढे टेलिकास्टर झाली. साधी, दणकट, पाटासारखी. आणि १९५४ मध्ये आणली स्ट्रॅटोकास्टर, डुलत्या घोडीची. मांडीवरच्या गिटारचा तो घसरता स्वर उभ्याने वाजवणाऱ्यालाही मिळावा, ही त्यामागची ओढ होती. म्हणजे आपण कांडीने जे करत होतो, तेच तो दांडीने करू पाहत होता.

नाव मात्र त्याने चुकीचं दिलं. ‘ट्रेमोलो’ म्हणजे आवाज लहानमोठा होणं. स्वर वरखाली होण्याला ‘व्हायब्रेटो’ म्हणतात. फेंडरने दांडीला ट्रेमोलो म्हटलं आणि आपल्या ॲम्प्लिफायरमधल्या ट्रेमोलोला व्हायब्रेटो! हिशेबनीसाकडून नावेची नोंद जमेत गेली आणि सत्तर वर्षं झाली तरी कोणी दुरुस्त केली नाही.

आता टेम्पोतली गोष्ट. आमचा एक मित्र जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होता आणि रात्री ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. तो पुढे आपल्याच सोसायटीचा सभासद झाला. ‘नाव छापू नका’ ही वहिनींची अट आहे, पण जुन्या लोकांना ओळख पटेलच. ऑर्केस्ट्राचा हिशेब माझ्याकडे असे. त्या काळी परदेशी वाद्य म्हणजे स्वप्न. लोक कलकत्त्याची गिबसन घेत आणि समाधान मानत. याने मुंबईला जाऊन एका वादकाकडून जुनी दांडीची गिटार आणली, डोक्यावरचं नाव खरवडलेलं. अर्धे पैसे माझे.

त्या वर्षी ‘कर्ज’ आला होता. त्यातली गिटारची धून प्यारेलालजींचे बंधू गोरख शर्मा यांनी वाजवलेली. त्याआधी ‘दम मारो दम’ची गिटार भूपिंदर सिंग यांची, ज्यांना आपण गझलगायक म्हणून ओळखतो. गणपतीत कुठल्याही गावात गेलं तरी पहिली फर्माईश ‘कर्ज’ची. मित्र म्हणे, दांडीने शेवटच्या स्वराला असा हेलकावा देतो की बघच.

इथे यंत्र समजून घ्यायला हवं. सहा तारांची एकत्र ओढ साधारण चाळीस-पंचेचाळीस किलो भरते, म्हणजे जवळजवळ अर्धं पोतं ज्वारी. डुलत्या घोडीत ही ओढ एका बाजूला आणि गिटारच्या पाठीतल्या स्प्रिंगा दुसऱ्या बाजूला. सगळी तागडी. एक तार सुरात लावली की बाकीच्या पाच किंचित उतरतात. मानेच्या टोकाशी तार खाचेत अडकली की दांडी सोडल्यावर स्वर जागेवर येत नाही, म्हणून तो खाचांत शिसपेन्सिल घासायचा. त्यात आमचा प्रवास: दिवसभर गिटार उन्हात तापलेल्या टेम्पोत, रात्री ओल्या हवेत मांडवात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, एक तार तुटली की तागडीचं एक वजन गेलं. स्प्रिंगा घोडीला मागे खेचतात आणि उरलेल्या पाचही तारा चढतात.

नेमकं तेच झालं. गाव सांगत नाही. ‘कर्ज’ची धून रंगात आली, त्याने दांडी दाबली आणि सर्वांत बारीक तार टण्‌कन गेली. दुसरी सुटी गिटार नव्हती. ऑर्गन आपल्या पट्टीत, गिटार भलतीकडेच. पुनर्जन्माच्या त्या धुनीत आमचं मरण झालं. शिट्ट्या झाल्या, आयोजकांनी बिदागी अर्धी केली. परतताना टेम्पोत ढोलकवाला म्हणाला, “मास्तर, पक्कीच घ्यायची होती की हो.” मास्तर म्हणाले, “पक्कीवर गाता येत नाही.” पुढे रस्ताभर कोणी बोललं नाही. त्यानंतर तीन-चार महिने त्याने गिटारला हात लावला नाही. माझे पैसे हप्त्याने परत करू लागला. मी नको म्हणालो, याचा त्याला जास्त राग आला.

मग एक दिवस तो गिटार घेऊन सुताराकडे गेला. पाठीचं झाकण काढलं, आतल्या पोकळीत बरोबर बसेल असा सागवानाचा ठोकळा तासून घेतला आणि घोडीमागे ठोकला. घोडी घट्ट झाली, दांडी काढून टाकली. पुढची पंचवीस वर्षं त्याने तशीच वाजवली. मींड हवी तिथे बोटाने तार बाजूला खेचायचा, सतारीसारखी. डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडले होते. स्वर तितका लांब घसरत नसे, पण गिटार मांडवात कधी बेसूर झाली नाही. एरिक क्लॅप्टननेही आपल्या स्ट्रॅटोकास्टरची घोडी लाकडाच्या तुकड्याने अशीच अडवलेली असते, हे आम्हाला निवृत्तीनंतर कळलं. मित्र तेव्हा खूप हसला. “सुताराला सांगायला हवं,” म्हणाला.

आता मुलं म्हणतील, काका, हे जुनं झालं. खरं आहे. फ्लॉइड रोज या अमेरिकन वादकाने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तारा दोन्ही टोकांना कुलूपबंद करणारी घोडी काढली. दांडी कितीही वापरा, स्वर जागेवर येतो. पण तार तुटली तर त्या डुलत्या घोडीचीही तागडी बिघडतेच, आणि तार बदलायला पाना लागतो. नातवाने मला वुडस्टॉकच्या मैदानावरचा १९६९ चा जिमी हेंड्रिक्सही दाखवला. दांडीने तो राष्ट्रगीतातून बॉम्ब पडल्याचे आवाज काढतो. मी दोनदा पाहिलं. मास्तरांना पाहायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.

ती गिटार वहिनींकडे आहे. वर सांगितलेल्या दोघांपैकी दांडीवाल्या पोराने ती वाजवायला मागितली आहे. तारा नव्या घालू, ठोकळा काढू, दांडी पुण्याहून मागवू, असं त्याचं चाललंय. मी म्हटलं, ठोकळा राहू दे. वहिनी म्हणाल्या, “काढू द्या भाऊजी. त्यांना तो कधी आवडला नव्हता. फक्त लाकूड फेकू नका म्हणावं, मला आणून द्या.”